मदत हवी आहे: रानभाज्यांचे सर्वेक्षण, किती दिवसांचे विचारायचे?

नागपुरात पावसाळ्यातल्या रानभाज्यांच्या खरेदीवर एमएचा प्रबंध करतोय. विषय समाजशास्त्र, वनस्पतीशास्त्राशी संबंध बारावीपुरता. कॉटन मार्केट आणि बुधवारी बाजारात तरोटा, काटवल, कुरडू, चिवळ घेणाऱ्या घरांना प्रश्नावली द्यायची आहे.

अडचण मोजमापाची आहे. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) महिलांसाठीच्या किमान आहार-विविधता निर्देशांकात दहा अन्नगट असतात आणि गडद हिरव्या पालेभाज्या सगळ्या एकाच गटात. म्हणजे तरोटा खाल्ला काय नि पालक खाल्ला काय, गुण तोच! राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची (सरकारचे घरखर्चाचे सर्वेक्षण) वस्तूंची यादीही पाहिली, तिथे पालक आणि इतर पालेभाज्या एकाच ओळीत.

म्हणून घरात किती वेगवेगळ्या रानभाज्या खाल्ल्या, म्हणजे प्रजातींची संख्या, मोजायचे ठरवले. प्रश्नावलीच्या चाचणीत कालच्या २४ तासांचे विचारले, तर बहुतेकांकडे रानभाजीच नाही. अख्ख्या हंगामाचे विचारले, तर बाया म्हणतात, "सगळ्याच खाल्ल्या जी." शिवाय घोळ आणि चिवळ या दोन भाज्या घरोघरी एकमेकांच्या नावाने सांगतात, म्हणून फोटो दाखवतो. खाल्लेली भाजी मोजायला वजनकाटा घेऊन घरोघरी जाणे शक्य नाही, माणूस मी एकटाच.

असे काम केलेल्यांनी सांगावे: प्रजाती मोजताना ७ दिवसांची आठवण विचारावी की ३० दिवसांची, आणि परीक्षकांपुढे त्याचे समर्थन कसे करावे?