अर्ध्या ब्लेडचा वस्तरा की खरा वस्तरा? नव्या हातानं सुरुवात कुठून करायची

नवा_हात, राजारामपुरी

नमस्कार मंडळी. वस्तऱ्यानं दाढी करायला शिकायचं आहे. आजवर फक्त सेफ्टी रेझर वापरलाय. घरात एक जुना जर्मन वस्तरा आहे. मानेवर (पातं आणि मूठ यांच्यामधला दांडा) ‘सोलिंगेन’ हे तिथल्या शहराचं नाव कोरलेलं, पातं १६ मिमी रुंद, पाठ (धारेच्या उलट बाजूची जाड कड) साधारण ४ मिमी जाड, टोक गोल. पाठीजवळ गंजाचे दोन ठिपके आहेत, धारेवर डाग नाही. शिवाय सलूनमध्ये असतो तसा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा नवीन आणलाय.

अडलंय ते असं. सुरुवात कशावर करू? पातं ३० अंशात धरा असं सगळे सांगतात, पण गालावर अंश मोजायचे कसे? आणि धार फिरवायचा चामडी पट्टा कोल्हापुरातच करून मिळेल का? दाढी राठ आहे आणि गळ्यावर केस दोन दिशांना वाढतात.

दूधकट्टा, गंगावेस

अंश मोजू नका, पाठीची जाडी मोजा. तुमच्या वस्तऱ्याची पाठ ४ मिमी आणि पातं १६ मिमी. पातं गालावर सपाट टेकवा आणि पाठ एका पाठीच्या जाडीएवढी, म्हणजे ४ मिमी उचला. हा झाला साधारण १५ अंश. दोन पाठींएवढी, ८ मिमी उचलली की बरोबर ३०. नव्या हातानं एक ते दीड पाठ एवढंच अंतर ठेवावं आणि दोनच्या वर कधी जाऊ नये. कोन वाढला की धार केस कापायचं सोडून कातडी खरवडते, मग दुपारी गाल आग आग करतो. कोन फार कमी झाला तर केस कापण्याऐवजी ओढला जातो.

पकड अशी: अंगठा मानेच्या खालच्या बाजूला, पहिली तीन बोटं वर, करंगळी मानेमागच्या शेपटीच्या बाकात. वस्तऱ्याची मूठ, म्हणजे पातं मिटतं तो भाग, उघडून बाहेरच्या बाजूला. मनगट ताठ नको. जोर अजिबात लावायचा नाही, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. जोर लावावासा वाटला तर धार गेलेली आहे किंवा फेस वाळलाय असं समजा, आणि थांबा.

खरं काम दुसरा हात करतो. कातडी ताणली नसेल तर पात्यापुढे तिची लाट उठते आणि धार त्या लाटेत शिरते. नव्या माणसाला होणाऱ्या बहुतेक जखमांचं कारण हेच. उजव्या गालाला डावा हात डोक्यावरून आणून कल्ल्याच्या वर बोटं टेकवायची आणि कातडी वर ओढायची. बोटं ओली असतील तर घसरतात, म्हणून ती बोटं तुरटीच्या खड्यावर एकदा घासा, पक्की बसतात.

पहिले दोन आठवडे फक्त दोन्ही गाल, कल्ल्यापासून जबड्याच्या हाडापर्यंत. बाकीचा चेहरा नेहमीच्या रेझरनं. हात दोन-तीन सेंटिमीटरचाच मारायचा आणि केसांच्या कलानंच. तिसऱ्या आठवड्यात गळा, हनुवटी आणि वरचा ओठ सगळ्यात शेवटी. गळ्यावर दोन दिशा आहेत म्हणता, तर आधी दोन दिवसांची दाढी वाढू द्या, बोट फिरवून कुठे गुळगुळीत लागतं आणि कुठे टोचतं ते पाहा आणि कागदावर बाण काढून ठेवा. उलटा हात पहिले दोन महिने नको.

आणि एक गोष्ट हाडात मुरवून घ्या. पातं धारेच्या लांबीच्या दिशेनं कधीही सरकवायचं नाही. केस कापताना वस्तरा धारेच्या काटकोनात चालतो. सुरी भाजीवर फिरते तसा आडवा सरकला, तर केसाएवढ्या दाबानंही चीर पडते. फोन वाजला, शिंक आली, तर आधी पातं चेहऱ्यावरून उचला.

फेसाबद्दल. आपल्याकडच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधावर येतो तसा बुडबुड्यांचा हलका फेस इथे कामाचा नाही. त्यात हवा जास्त, पाणी कमी, मिनिटात वाळतो. घोटलेल्या दह्यासारखा, चकाकणारा, ब्रश उचलला की टोक वाकणारा हवा. बोअरच्या पाण्यात साबण नीट फेसत नाही, नळाचं पाणी घ्या. आधी कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं दाढी भिजवा. राठ केस पाणी प्यायला की मऊ पडतो. पट्टा, दगड ही सगळी उठाठेव भिजवण्यापुढे दुय्यम आहे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

वरच्यांच्या सगळ्या मुद्द्यांना दुजोरा. सुरुवात कशावर, ते मात्र राहिलं. माझं मत, अर्ध्या ब्लेडवर सुरुवात नको. तो हलका असतो, म्हणून नवा माणूस नकळत दाब देतो. आणि ब्लेडचे दोन्ही कोपरे टोकदार असतात, ते कानाच्या पाळीखाली आणि नाकाच्या कडेला हटकून लागतात. तुमच्या जुन्या वस्तऱ्याचं टोक गोल आहे, वजन आहे, धार जरा सांभाळून घेणारी आहे.

तरी धार लागेपर्यंत अर्धा ब्लेडच वापरायचा असेल तर: ब्लेड कागदातून न काढता दोन्ही टोकांना धरून मधोमध लांबीत वाकवा, सरळ तुटतो. खाचेत बसवल्यावर दोन्ही बाजूंना सारखा बाहेर आलाय का ते उजेडाकडे धरून बघा. तिरका बसला तर एक कोपरा पुढे येतो आणि पहिल्याच हातात रेघ उमटवतो. राठ दाढीला दोन-तीन दाढ्यांनंतर ब्लेड बदला. वापरलेले तुकडे झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका, उघडे कचऱ्यात नकोत, घंटागाडीवरच्या माणसाचा हात कापतो. दुसऱ्याचा ब्लेड वापरू नका, आपला देऊ नका. काविळीचे काही प्रकार आणि एचआयव्ही रक्तातूनही पसरतात.

मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच या वाटेला जा. चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील तर त्या बऱ्या होऊ द्या.

चामडं_आणि_धार, जवाहरनगर

पट्ट्याचं बोलतो भावा. कोल्हापुरात राहून पट्टा बाहेरून मागवायची गरजच नाही. कोल्हापुरी चपलेला लागतं ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, म्हणजे झाडपाल्यावर कमावलेलं, आणि पट्ट्याला हवं ते नेमकं हेच. घट्ट असतं, ताणल्यावर फारसं वाढत नाही आणि त्याला पकड असते. बॅगा-जॅकेटांचं क्रोमचं मऊ चामडं पट्ट्याला लिबलिबीत पडतं. ओळख सोपी आहे, कापलेल्या कडेकडे बघ. आत निळसर-करडी छटा दिसली तर क्रोम, आरपार तपकिरी असलं तर आपलं.

जवाहरनगर-सुभाषनगर भागात चपलेच्या कारागिराकडे जा आणि असं माग: लांबी ४५ ते ५० सेंमी, रुंदी ७ सेंमी, जाडी अडीच ते तीन मिमी, वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, रंग नाही, तेल नाही, ठसा किंवा टोचे नाहीत. तळव्याचं जाड चामडं नको, ते वाकवलं की तडकतं. पृष्ठ जरा खरखरीत लागलं तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून तळहातानं चोळ. खोबरेल अजिबात लावू नको, धूळ धरतं आणि पातं घसरतं.

नव्या हाताला टांगता पट्टा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ढिला पडला की मधे झोळ येतो, पातं त्या झोळात शिरतं आणि धारेचं टोक गोल होतं. चामडं सपाट प्लायवूडच्या फळीवर फेविकॉलनं चिकटव, वर वजन ठेवून रात्रभर वाळू दे. दुसऱ्या फळीवर जाड सुती कॅनव्हास चिकटव.

दाढीआधी कॅनव्हासवर २०, चामड्यावर ५० फेरे. जाणं-येणं मिळून एक फेरा. पाठ पुढे, धार मागे, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. टोकाला गेल्यावर वस्तरा पाठीवर पलटायचा, धारेवर नाही. धारेवर पलटला की चामड्याला चीर जाते आणि धारही जाते. आवाज ऐक, एकसारखा ‘सर्र’ यायला पाहिजे. एका बाजूनं आवाज वेगळा आला तर एका टोकावर दाब पडतोय. घाई करू नको, वेग नंतर आपोआप येतो.

नवा_हात, राजारामपुरी

लई उपयोगी पडलं, आभार. पट्ट्याचं माप लिहून घेतलं. जुन्या वस्तऱ्याला उद्यमनगरात ग्राइंडरवर धार लावून आणली तर चालेल का? आणि ते गंजाचे ठिपके?

सहाण, उद्यमनगर

ग्राइंडर नको. हात जोडून सांगतो, नको. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं पातं धारेजवळ कागदासारखं पातळ असतं. चाकावर क्षणात तापतं आणि तेवढ्या जागेपुरतं पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. जागा निळसर दिसली की ती गेली, मग किती घासा, धार टिकणार नाही. दुसरं, वस्तऱ्याचा कोन पाठच ठरवते. दगडावर पाठ आणि धार एकदम टेकवली की तुमच्या मापात १४ ते १५ अंशांचा कोन आपोआप बसतो. चाकावर धार वेगळीच घासली की हे गणितच मोडतं. सुताराचा खरखरीत दगडही नको.

लागतात ते पाणी टाकून वापरायचे धारेचे दगड, नंबर १०००, ४०००, ८०००, जमलं तर १२००० (नंबर मोठा तसा दगड बारीक). दगड सपाट हवा. त्यावर पेन्सिलनं चौकटी आखा, काचेवर पाणी टाकून पॉलिश पेपर ठेवा आणि दगड घासा, सगळ्या रेघा एकदम गेल्या की सपाट झाला. इथे धार पुढे ठेवून चालायचं, पट्ट्याच्या नेमकं उलट. १००० वर धार दोन्ही बाजूंनी टाचेपासून (पात्याचा मुठीकडचा कोपरा) टोकापर्यंत मिळेपर्यंत पुढच्या दगडावर जाऊ नका. घाई इथेच होते, आणि मग ८००० वर कितीही वेळ घातला तरी वस्तरा केस ओढतो. सराफी सामानाचं १० पट भिंग घ्या, धारेवर उजेड पाडा. धारेवर कुठेही पांढरी चमक दिसली तर तिथे दोन बाजू अजून मिळालेल्या नाहीत. पण पहिली धार जाणत्या माणसाकडूनच लावून घ्या, म्हणजे चांगली धार कशी लागते ते गालाला कळेल.

ठिपके पाठीजवळ आहेत तर घाबरू नका. २००० नंबरच्या पेपरनं तेल लावून हलके घासा. काळे खड्डे राहिले तरी चालतं. धारेवर खड्डा असता, किंवा नखावर धार अलगद टेकवून सरकवताना कुठे अडकली असती, तर गोष्ट वेगळी होती.

आपल्याकडचा पावसाळा या पोलादाचा वैरी आहे. जून ते सप्टेंबर वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. दाढी झाल्यावर पातं धुवा, पाठीकडून धारेकडे टिपा, कॅनव्हासवर ५-६ फेरे मारून धारेवरचं पाणी काढा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटानं पसरवा. खोबरेल थंडीत गोठतं आणि पुढे खवट होऊन चिकटतं. मुठीच्या आत, खिळीपाशी पाणी राहतं. अर्धा तास उघडा ठेवा, मगच मिटवा.