शब्दचर्चा : ‘लेटन्ट’ विषाणू सुप्त, निद्रिस्त की दडलेला?

सुरंगी
रत्नागिरीतील एका वाचनालयाच्या अंकासाठी हर्पिस गटातील विषाणूंवरील संशोधनाची ओळख करून देणारा लेख मी मराठीत आणते आहे. बर्नार्ड रॉइझमन यांनी शिकागो विद्यापीठात अनेक दशके केलेले काम हा त्याचा गाभा आहे. पेशीत शिरल्यावर हर्पिस सिम्प्लेक्स, म्हणजे ओठावर फोड आणणारा विषाणू, आपली सगळी जनुके एकदम न चालवता अल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन टप्प्यांनी चालवतो, हे त्यांनी होनेस या सहकाऱ्यासह १९७४ मध्ये मांडले. तो भाग सुरळीत उतरला. अडले ते ‘लेटन्ट’पाशी, म्हणजे आजार बरा झाल्यावरही विषाणू शरीरात न दिसता राहतो त्या अवस्थेच्या नावापाशी. मी ‘सुप्त’ लिहिले होते, संपादकांनी ते खोडून ‘निद्रिस्त’ केले आणि मुद्रितशोधकांनी समासात ‘दडून बसलेला’ असे सुचवले. या तिन्हींचा अर्थ एक नाही. शिवाय ‘पॅथोजेनेसिस’, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून रोग दिसू लागेपर्यंत जे जे घडते ते सगळे, यालाही एक सुटसुटीत शब्द हवा आहे.

पाखाडी
‘सुप्त’ हा रुळलेला शब्द असताना तो खोडण्याचे कारण समजत नाही. ‘निद्रिस्त’ ज्वालामुखीला शोभतो. ‘दडून बसलेला’ म्हटले की विषाणूला हेतू चिकटतो, आणि शास्त्रीय लेखनात तसले नाट्य नसावे. जाता जाता : लेखात ‘विषाणूशास्त्र’ असे छापले जाणार असेल, तर ते ‘विषाणुशास्त्र’ करून घ्यावे. सुटा शब्द दीर्घान्त असला तरी समासात पूर्वपद म्हणून येताना तत्सम शब्दाचा उकार ऱ्हस्वच राहतो.

कलमबाग
आम्हा बागायतदारांना ‘सुप्त’ शब्द परका नाही. हापूसच्या जुन्या, उंच गेलेल्या कलमांची मोठी छाटणी केली की उघड्या पडलेल्या खोडावरून नवी फूट येते, ती सुप्त डोळ्यांतून. हे डोळे तिथे वर्षानुवर्षे असतात, पण वरच्या शेंड्यांची वाढ जोरात असेपर्यंत त्यांना डोके वर काढता येत नाही. म्हणजे आमचा ‘सुप्त’ झोपलेला नसून दाबून ठेवलेला असतो. विषाणूचेही तसेच असेल, तर संपादकांना शब्द परत फिरवायला सांगा.

तालुक्याचा डॉक्टर
कलमबाग यांनी नेमका मुद्दा पकडला आहे. जॅक स्टीव्हन्स आणि कुक या संशोधकांनी १९७१ मध्ये उंदरांवर जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो या चर्चेसाठी पाहण्यासारखा आहे. उंदराच्या पावलाला हर्पिसची लागण केली आणि उंदीर बरे झाल्यावर त्यांच्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जापेशींच्या गाठी काढल्या. त्या गाठी लगेच वाटून तपासल्या तर विषाणू हाती लागत नाही, मात्र त्याच गाठी काही दिवस प्रयोगशाळेत जिवंत ठेवल्या की त्यांतून संसर्गक्षम विषाणू बाहेर येतो. या अवस्थेत तयार विषाणुकण नसतात, असते ती त्याची जनुकसामग्री. आणि ती तरी पूर्ण गप्प कुठे असते? रॉइझमन यांच्या तिन्ही टप्प्यांतली जनुके जवळजवळ बंद असली तरी एका भागावरून आरएनए, म्हणजे जनुकाची पेशीत निघणारी नक्कल, तयार होतच राहते, हे १९८७ मध्ये स्टीव्हन्स यांच्याच गटाने दाखवले. जो शोधून सापडत नाही, पण संधी मिळताच पुन्हा तयार होतो, त्याला ‘निद्रिस्त’ म्हणणे मला अपुरे वाटते. रुग्णांशी बोलताना मी ‘अंगात राहून गेलेला’ म्हणतो आणि तो पुन्हा ‘उचल खातो’ असे सांगतो. आजवर कुणाला त्यापुढे समजावून सांगावे लागलेले नाही.

गोपाळगड
तुम्ही सारे फांद्यांवर भांडत आहात, मूळ पाहा. ‘हर्पिस’ हा शब्द ग्रीकमधील सरपटणे या अर्थाच्या धातूवरून आला. लॅटिन ‘सर्पेन्स’ आणि संस्कृत ‘सृप्’ हे त्याच कुळातले, म्हणजे हर्पिस हा आपल्या ‘सर्प’ शब्दाचा सख्खा चुलतभाऊ होय. याच गटातल्या एका रोगाला आपण मराठीत काय म्हणतो? नागीण! आमची आजी गुहागरची. ती नागिणीवर गेरूचा लेप लावी आणि तोंड व शेपूट जुळू देऊ नका, नाहीतर माणूस दगावतो, असे बजावी. आयुर्वेदातला ‘विसर्प’ही हाच असणार. इतका जुना वारसा असताना ‘हर्पिस’ हा परका शब्द कशासाठी?

तालुक्याचा डॉक्टर
सर्पाचे नाते खरे आहे, परंतु त्यावरून नागिणीचे नाते सिद्ध होत नाही. ‘नाग’ हा शब्द त्या धातूचा नाही आणि दोन समाजांना एकाच पुरळात साप दिसणे हा योगायोग असू शकतो. विसर्प म्हणजे नागीण असेही नाही. त्याचे वर्णन बहुधा जिवाणूंमुळे होणाऱ्या, झपाट्याने पसरणाऱ्या त्वचारोगाशी जुळवले जाते. आजीबाईंच्या भीतीबद्दल मात्र सांगायला हवे. कांजिण्या बऱ्या झाल्यावर त्यांचा विषाणू मी वर सांगितलेल्या मज्जापेशींच्या गाठींमध्ये राहतो आणि पुढे सहसा एकाच गाठीतून, तिच्या मज्जातंतूच्या वाटेने, कातडीवर उतरतो. म्हणून पुरळाचा पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीच्या कडेने पुढे येतो आणि छातीच्या मध्यरेषेशी थांबतो. तोंड आणि शेपूट जुळण्याची वेळ त्यामुळे सहसा येतच नाही. आली तरी त्या जुळण्याने मृत्यू ओढवत नाही. नागिणीच्या ‘हर्पिस झोस्टर’ या शास्त्रीय नावातल्या ‘झोस्टर’ या ग्रीक शब्दाचा अर्थही कमरपट्टा असाच आहे.

कांजिण्यांचा विषाणूच पुढे नागीण होऊन येतो, हा विचार पक्का करण्यात एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधील सायरेन्सेस्टरच्या साध्या गावडॉक्टरचा वाटा मोठा आहे. स्वतःच्या दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून त्यांनी १९६५ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. कांजिण्या आणि नागीण यांचा गावातला मेळ पाहण्यासाठी ते स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांपैकी येल या बेटावरही गेले होते. सुरंगीताई, लेखात रॉइझमन असतील तर यांनाही दोन ओळी द्याव्यात. विषाणूंवरचे संशोधन केवळ मोठ्या विद्यापीठांतच होते, असा आपल्याकडे समज आहे.

सुरंगी
होप-सिम्पसन नक्की घेते. पण ‘पॅथोजेनेसिस’चे काय करू? मी तूर्त ‘रोगजनन’ लिहिले आहे.

पाखाडी
आयुर्वेदात त्याला नेमका शब्द आहे : संप्राप्ती. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पंचकातली शेवटची पायरी म्हणजे दोष बिघडल्यापासून व्याधी प्रकट होईपर्यंतचा सगळा क्रम. हजारो वर्षे घासून गुळगुळीत झालेला शब्द सोडून ‘रोगजनन’ घडवण्याची हौस का?

कलमबाग
‘विषाणूची संप्राप्ती’ वाचून आमच्याकडे कुणालाही वाटेल की विषाणूला काहीतरी लाभ झाला.

देशावरचा
शिवाय त्या पंचकातले ‘निदान’ म्हणजे रोगाचे कारण, तर आजच्या मराठीत डॉक्टर करतात ते ‘निदान’, म्हणजे रोग ओळखणे. एक शब्द पूर्णपणे फिरलेला असताना दुसरा जुन्या अर्थाने वाचकाच्या गळी उतरेल, हे कोणत्या बळावर म्हणता? तसे पाहिले तर डॉक्टरांनी वर वापरलेला ‘लागण’ शब्दही आमच्या शेतात उसाची असते.

पाखाडी
शब्द फिरतात म्हणून सोडून द्यायचे ठरले, तर कोशात शिल्लक काय राहील? वापराने शिकवला की शब्द कळतो. ‘विषाणू’ हा तरी जन्मतः कुणाला कळत होता? आणि सुप्ताचा निकाल बोलीनेच दिलेला आहे. कांजिण्या येतात, गोवर येतो, पण नागीण ‘उठते’. जो आधी निजला होता तोच उठणार.

तालुक्याचा डॉक्टर
अंगावर पित्तही उठते आणि चाबकाने वळही उठतात. ते आधी कुठे निजले होते?

गोपाळगड
ओठावरच्या हर्पिसचे कुणी बोलतच नाही. ताप उतरताना ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका आला, की आमच्या घरी ‘ताप मुतला’ असे म्हणत. तापाने विषाणू उचल खातो, हे त्या दोन शब्दांत आलेले आहे.

पाखाडी
वाचनालयाच्या अंकात हे छापावे, असे आपल्याला म्हणायचे आहे काय?

गोपाळगड
अवश्य. अर्थाने बिनचूक आहे, मराठी आहे आणि समासही नाही, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा आपला प्रश्नही मिटला.

देशावरचा
आमच्याकडे त्याला ‘जर उतला’ म्हणत. मूळ रूप तेच असावे आणि ‘मुतला’ हा पुढचा चावटपणा असावा.

गोपाळगड
चावटपणा नव्हे. ‘जर’ हा ‘ज्वर’चा अपभ्रंश आहे, इतके मान्य. पण उतणे दुधाचे असते, फोडांचे नव्हे. मालवणकडील कुणी येथे असल्यास तिकडे काय म्हणतात, ते सांगावे.