मदत हवी आहे: कार घरी चार्ज करायला वेगळा मीटर घ्यावा का? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. टियागो ईव्ही घेतली आहे, २४ युनिटच्या बॅटरीची. नवऱ्याचं ऑफिस महापेला, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. गाडीवर आम्ही बेहद्द खूश आहोत, अडचण बिलाची आहे. आधी महिन्याला अडीचशे युनिटच्या आसपास वापर असायचा. आता गाडीसकट चारशेच्या वर जातो आणि ३०० नंतरची युनिटं वरच्या स्लॅबने लागतात.

"रात्री चार्ज करा, स्वस्त पडतं" असं जो तो सांगतो. पण महावितरणचा टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर मोजणारा) बसला म्हणून माहिती नीट वाचली, तर घरगुती सवलत आहे सकाळी ९ ते संध्याकाळी ५, युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया. नेमकी तेव्हा गाडी महापेला उभी! मग रात्रीच्या स्वस्त दराचं हे सगळे कशावरून सांगतात?

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. वायरमनने आमच्या मीटरवरून पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा पॉइंट काढून दिलाय. परवा पहाटे प्लग काढायला गेले तर चटका बसला. सॉकेटची एक बाजू पिवळी पडली आहे. तेव्हापासून रात्रभर लावून ठेवायचा धीर होत नाही.

वेगळा ईव्ही मीटर कुणी घेतलाय का? परवडतो का? सोसायटीची कमिटी म्हणते, एकाला परवानगी दिली की सगळे मागतील.

प्रतिसाद

ताई, आधी तो पॉइंट वापरणं बंद करा, अगदी आजपासून. गिझर तशाच सॉकेटवर चालतो, पण थोड्या वेळात बंद होतो. गाडी सात-आठ तास सलग करंट ओढते. स्क्रू जरा जरी ढिला असला तरी तिथेच उष्णता साठते. नुसता सॉकेट बदलून भागणार नाही. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून गाडीसाठी स्वतंत्र तांब्याची केबल, इंडस्ट्रियल सॉकेट, वेगळा एमसीबी (जादा करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) बसवून घ्या. अर्थिंग मीटर लावून तपासायला सांगा, डोळ्यांनी कळत नाही. घरचा मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) पुरतो का तेही बिलावर पाहा.

रात्री १० ते सकाळी ६ ची सवलत कारखान्यांना असायची, लोक तीच धरून बसलेत. आता दिवसा सौर वीज भरपूर असते, म्हणून घरगुती सवलत दिवसा आहे. रविवारी गाडी घरी असेल तर सकाळी नऊनंतर लावा, तेवढी तरी पदरात पडेल.

वेगळ्या ईव्ही जोडणीला स्लॅब नसतो, युनिटं वाढली म्हणून दर चढत नाही. स्थिर आकार मात्र निराळा. तुमची निम्म्याहून जास्त चार्जिंगची वीज तिसऱ्या, म्हणजे ३०० युनिटनंतरच्या स्लॅबमध्ये जातेय, त्यामुळे हिशोब मांडून बघाच. आणि कमिटीला सांगा, २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, ग्राहकाने मागितल्यास चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मिळते.

धागाकर्ती

मनापासून आभार. पॉइंटचा एमसीबी आत्ताच खाली पाडून आले. सोसायटीला द्यायच्या अर्जाचा मराठी मसुदा कुणाकडे असेल तर इथे टाकाल का? रविवारी कमिटीची मीटिंग आहे.