१४.५ इंची बॅरलवर मझल ब्रेक कायमचा बसवायचाय, कायद्यात नक्की काय चालतं?

ह्यूस्टनचा_बाळ्या
मंडळी, टेक्सासात आहे, ग्रीन कार्ड होऊन ३ वर्षं झाली. एआर रायफलसाठी १४.५ इंची बॅरलचा अपर (बॅरलसकट वरचा अर्धा भाग) स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन टाकला, नंतर कळलं की रायफलचं बॅरल १६ इंचाच्या आत असेल तर ती एनएफए (ठरावीक शस्त्रांची नोंदणी लागणारा फेडरल कायदा) मध्ये जाते, म्हणजे शॉर्ट बॅरल रायफल. आता पुढे मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, धक्का कमी करणारा तुकडा) कायमचा बसवला की तो लांबीत धरतात असं ऐकलंय. ब्रेक पण घेतलाय. दुकानातला माणूस म्हणतो लाल लॉकटाइट (आटे चिकटवायचा गोंद) लाव, गच्च आवळ, जन्मात निघायचा नाही. पण मला पटत नाहीये, कारण निघाला तर आत मीच जाणार, तो नाही. कोणी केलंय का हे?

लेथवाला_काका
अरे बाबा लॉकटाइट नको!! तापवलं की सुटतं ते, कायद्याच्या लेखी तो ब्रेक नुसता फिरवून लावल्यासारखाच. एटीएफ (बंदुकांचं फेडरल खातं) तीनच पद्धती कायमच्या मानते. एक, पूर्ण वेल्ड किंवा सीम वेल्ड, दोन, ११०० फॅरनहाइटच्या वरचं सिल्व्हर सोल्डर, आणि तीन म्हणजे ब्लाइंड पिन, ब्रेकला खालून भोक पाडून पिन ठोकायची आणि तिच्या डोक्यावर वेल्ड मारून बुजवायचं. बहुतेक सगळे तिसरंच करतात, त्यालाच पिन-वेल्ड म्हणतात. मी टूलरूममध्ये ३० वर्षं काढली तरी सांगतो, घरी करू नकोस, भोक जरा खोल गेलं की बॅरल भंगारात. गनस्मिथकडे दे. नुसता अपर द्यायचा, लोअर (ट्रिगरवाला खालचा भाग) घरीच ठेव, कायद्याने बंदूक म्हणजे लोअर, अपर हा सुटा पार्ट.

आणि वेल्ड होईपर्यंत तो अपर रायफलच्या लोअरवर चढवायचा नाही. "बसतोय का बघू" म्हणून पण नाही. चढवलास त्या क्षणी नोंद नसलेली शॉर्ट बॅरल रायफल तयार झाली, त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मोजतात कसं ते पण ऐक. बोल्ट बंद करून तोंडाकडून काठी आत घालायची, बोल्टला टेकली की टोकापाशी खूण करायची आणि बाहेर काढून मोजायची. शिवाय अख्ख्या रायफलची लांबी २६ इंच लागते, एआर ला तो प्रश्न सहसा येत नाही.

एडिसनकर
काकांनी सगळं सांगितलंच. आमच्या न्यू जर्सीत मात्र १६ इंची बॅरलवर पण लोक ब्रेक वेल्ड करून घेतात, कारण इथे फ्लॅश हायडर (तोंडाशी दिसणारा जाळ कमी करणारा तुकडा) किंवा त्यासाठीचे आटे असलेलं बॅरल हे असॉल्ट वेपनच्या यादीतलं फीचर धरतात. त्यामुळे आटे वेल्डखाली झाकायचे आणि वर ब्रेकच हवा, फ्लॅश हायडर नाही. दिसायला दोन्ही सारखेच, बायकोला तर दोन्ही नळाच्या तोटीसारखे वाटतात.

इथे एच वन बी वाले बरेच वाचत असतात म्हणून सांगतो, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगणं फेडरल कायद्याने बंद आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना ती अडचण नाही.

डॅलसची_मावशी
पण आता वेल्डचा खटाटोप कशाला? १९३४ पासूनचा २०० डॉलर टॅक्स जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय ना, शॉर्ट बॅरलला पण आणि सप्रेसरला (आवाज दाबणाऱ्या नळीला) पण. फॉर्म १ (एटीएफचा नोंदणीचा अर्ज) भरायचा आणि मोकळं व्हायचं.

लेथवाला_काका
मावशी, टॅक्स गेला, नोंदणी आहे तशीच आहे. बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी येईपर्यंत थांबणं, वर रिसीव्हरवर, म्हणजे लोअरवर, आपलं नाव गाव कोरून घ्यायचं. आणि दुसऱ्या राज्यात न्यायची तर एटीएफची आधी परवानगी. वेल्ड केलेली साधी रायफल, हे काही नाही. तोटा एवढाच की एकदा वेल्ड झालं की हँडगार्ड (बॅरलभोवतीचं, हाताने धरायचं कव्हर) बदलायचा असो की गॅस ब्लॉक (बॅरलवर बसणारा गॅसचा भाग), काहीच पुढून निघत नाही, वेल्ड तासून काढावा लागतो. तेव्हा बाळ्या, हँडगार्ड मनासारखा आहे ना ते आधी ठरव. पुढे सप्रेसर घ्यायचा विचार असेल तर त्याचाच माउंट वेल्ड करून घे, नाहीतर नंतर हात चोळत बसशील.

पुणेरी_छर्रा
आमच्याकडे १२ बोअरची नळी आजोबांच्या वेळची, लांबलचक, जीपमध्ये मावत नाही. कापून घेता येते का भारतात?

एडिसनकर
नका हो. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ६ बघा, नळी आखूड करायला वेगळं लायसन्स लागतं, नुसतं बंदुकीचं लायसन्स पुरत नाही. आणि घरात तिसरी बंदूक असेल तर तेही बघा, २०१९ पासून एका माणसाला दोनच.

लेथवाला_काका
बाळ्या एक राहिलंच, ब्रेकची लांबी किती? पाकिटावरची पूर्ण लांबी धरू नकोस हां. आट्यांचा भाग बॅरलवर चढतो, साधारण ०.६ इंच, तो वजा करायचा. १४.५ वाल्यांचं गणित इथेच गंडतं.

ह्यूस्टनचा_बाळ्या
काका आत्ताच कॅलिपर लावला. ब्रेक १.९ इंच. मी खुशाल १४.५ अधिक १.९ म्हणजे १६.४ धरून बसलो होतो, ०.६ काढले तर १५.८ च होतात की!! गनस्मिथची वेळ शनिवारची घेतली होती, फोन करून पुढे ढकलली. ब्रेक परत करून २.३ वाला मागवतोय, तो १६.२ ला जातो. हँडगार्ड पण तुम्ही म्हणालात म्हणून नीट बघितला, तो बदलायचाच आहे.