सोलापुरात पाहुणे आले की कुठे नेता, काय खायला घालता?

पुण्याहून नणंदेकडची मंडळी शनिवार-रविवार येताहेत. सिद्धेश्वराचं देऊळ आणि भुईकोट त्यांनी पाहिलेत. त्यापुढचं सांगा. अनुभवाचं हवं, यादी नको.

चाटीगल्लीकर
शेंगा चटणीचं पाकीट घाईत स्टँडवर उचलू नका. नव्या पेठेत डब्यातून काढून वजनावर देतात तिथं जा, आधी चिमूटभर हातावर मागा. मुठीत दाबली की गोळा व्हायला हवा, तळव्याला तेल लागायला हवं. भुरभुरली तर सोडून द्या. नीट कुटलेल्या चटणीला शेंगदाण्याचंच तेल सुटतं. तिखट आहे का, असं विचारू नका; दुकानदार नाहीच म्हणणार.

माहेरवाशीण
कडक भाकरी पाहुणे पापडासारखी खायला घेतात, मग "दात गेले" म्हणतात. ताटात चुरा, वरून गरम रस्सा, जरा मुरू द्या. मग कांदा-लिंबू. मटणाचा रस्सा असेल तर बोलायचं काम नाही. हिवाळ्यात येणार असतील तर हुरड्याला शेतावरच न्या.

भीमाकाठी
गाडी असेल तर हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेचा संगम, एकाच शिवलिंगावर कोरलेले कितीतरी मुखवटे, आणि शके 940 म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख. अक्षरं सकाळच्या तिरप्या उन्हात बरी दिसतात, भर दुपारी दगड नुसता पांढरा. पाणी आणि डबा बरोबर ठेवा.

बाराबंदी
जानेवारीत बोलवा की! सिद्धेश्वराच्या यात्रेतला 14 तारखेचा अक्षता सोहळा (देवाचं लग्न) गर्दीत चेंगरून बघण्यापेक्षा आदल्या दिवशी, तैलाभिषेकाला नंदीध्वज 68 लिंगांच्या वाटेवर निघतात तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. पांढऱ्या बाराबंदीतला (बंदांच्या अंगरख्यातला) माणूस तो उंच ध्वज कसा तोलतो ते हातभरावरून दिसतं. गाडी मात्र घरीच.

मुलांची आई
डॉ. कोटणीसांचं स्मारक भैय्या चौकाजवळच आहे. 1938 ला चीनला गेलेला आपल्या गावचा डॉक्टर, शाळकरी पोरांना लगेच पटतो. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेल असं कबूल करू नका, काळवीट दिसतात.

का_बे
एवढं सगळं सांगितलंत, पण चादर घेतल्याशिवाय नणंद परत जाणार आहे का? दुकानात दोन्ही बाजू उलटून बघा म्हणावं. नक्षी दोन्हीकडे हवी, रंग उलटसुलट. एकाच बाजूला छापील असेल तर ठेवा म्हणावं खाली.