मदत हवी आहे: अनाक्रमण करार आणि तटस्थता करार यांतली रेषा नेमकी कुठे?

नमस्कार मंडळी. अनाक्रमण करारात 'तुझ्यावर हल्ला करणार नाही' एवढंच वचन असतं, मदतीला धावून येण्याचं नाही. तटस्थता करारात दुसऱ्याच्या युद्धात कुणाचीच बाजू न घेण्याचं वचन असतं. इथवर ठीक. घोळ पुढे आहे.

१९३२च्या सोव्हिएत-पोलंड करारात सुटकेची वाट होती: एकाने तिसऱ्या देशावर आक्रमण केलं, तर दुसरा पूर्वसूचना न देता करार मोडू शकत होता. २३ ऑगस्ट १९३९च्या जर्मनी-सोव्हिएत करारात हे कलम नाही. तिथे उलट, एकाचं तिसऱ्याशी युद्ध जुंपलं तर दुसऱ्याने त्या तिसऱ्याला साथ द्यायची नाही, असं ठरलं. मुदत दहा वर्षं. टिकला दोन वर्षंही नाही. कलम गाळलं ते विसरून नव्हे, एवढं उघड आहे. पण मग अशा कराराला अनाक्रमण म्हणायचं की तटस्थता?

दुसरा पेच १३ एप्रिल १९४१च्या सोव्हिएत-जपान तटस्थता कराराचा. मुदत पाच वर्षं, नूतनीकरण नको असेल तर वर्षभर आधी कळवायचं. मॉस्कोने ५ एप्रिल १९४५ला कळवलं आणि ९ ऑगस्टला जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात सैन्य घातलं. नोटिशीने करार तिथेच संपतो, की मुदत भरेपर्यंत बांधून ठेवतो? कलमाची भाषा मला मुदत भरेपर्यंत बांधून ठेवणारी वाटते.

शिवाय, १९५४च्या भारत-चीन करारात 'परस्पर अनाक्रमण' हे तत्त्व प्रस्तावनेत आहे, कलमांत नाही. त्याला कायद्याने किती वजन? आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्यांनी कृपया कलमनिहाय सांगावं.