मदत हवी आहे : आईसाठी हातमागाची पैठणी

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात धाकटीचं लग्न आहे, आईला पैठणी घ्यायची आहे. आजवर तिनं स्वतःसाठी भारी साडी घेतलीच नाही, म्हणून ही अस्सलच हवी. काल इथं कोल्हापुरात महाद्वार रोडला दोन बघितल्या. पहिलीचा पदर उलटा केला, तर मोरांमागे कापलेले धागे लोंबत होते. दुसरीचा मोर पाठीमागूनही तस्साच, म्हणजे हातमागाची वाटली, पण किंमत तिपटीच्या वर. सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, हातमागाची नाही. मग हातमागाची खात्री पदर सोडून आणखी कशावरून करायची? थेट येवल्याला जाऊन विणकरांकडून कुणी घेतली आहे का? आईला ती नेसून अंबाबाईची ओटी भरायला जायचंय, त्यामुळं फार जड नको. रंग तिनंच सांगितलाय, डाळिंबी.